फ्रंट-एंड शिकताना कोर्स आणि टूल्स निवडण्यातल्या या चुका टाळा

नव्याने फ्रंट-एंड, म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग, बनवायला शिकणाऱ्यांचा कोड मी जवळजवळ रोज तपासते. त्यातल्या निम्म्या अडचणी कोडच्या नसतातच. कोर्स निवडला तेव्हाच घोळ झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जावास्क्रिप्ट ही वेबची भाषा धड येत नसताना रिॲक्टला, म्हणजे तिच्यात लिहिलेल्या लायब्ररीला (तयार कोडच्या संचाला), हात घालणं. मध्यंतरी एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. दोन दिवस त्याची यादी स्क्रीनवर उमटत नव्हती. एरर नाही, काही नाही, पान कोरं. तोवर त्याने नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) पुन्हा इन्स्टॉल केलं होतं, रिॲक्टचं व्हर्जन बदलून पाहिलं होतं आणि वैतागून रिॲक्टसारख्याच व्ह्यूचा कोर्सही सुरू केला होता. मी फाइल उघडली. मॅपमध्ये (यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर तेच काम करणारी जावास्क्रिप्टची सोय) ॲरो फंक्शन (=> ने लिहिलेलं छोटं फंक्शन), पुढे महिरपी कंस, आत नीट लिहिलेला एलआय टॅग (यादीतली एक ओळ). फक्त रिटर्न, म्हणजे निकाल परत देणारा शब्द, नव्हतं. तिथे साधा गोल कंस असता तर आतलं आपोआप परत गेलं असतं. महिरपी कंस उघडला की रिटर्न आपणच लिहायचं असतं. ते नसल्याने मॅपच्या हाती दर वेळी अनडिफाइंड (म्हणजे ‘काहीच नाही’) पडत होतं, आणि अनडिफाइंड दिसलं की रिॲक्ट तक्रार न करता काहीच दाखवत नाही. एक शब्द टाकला, यादी आली. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पिवळी वॉर्निंग पहिल्या दिवसापासून होती, ती वाचलीच नव्हती.

ही चूक रिॲक्टची नव्हे, जावास्क्रिप्टची. व्ह्यूकडे गेला असता तरी मॅप तोच राहिला असता. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी एकच काम देते: कोरी फाइल घ्या, कुठलीही लायब्ररी नको, कामांची यादी बनवा. नवीन काम टाकता यावं, खोडता यावं, पान रिफ्रेश केल्यावर यादी तशीच राहावी. दोन-तीन आठवडे जातात, जाऊ द्यावेत. ‘एका महिन्यात रिॲक्ट डेव्हलपर’ या जाहिरातींवर माझा राग आहे तो याच आठवड्यांमुळे, कारण त्या नेमके तेच गाळायला सांगतात.

दुसरी चूक, कोर्सचं वय न बघणं. कोर्सच्या पानावर ‘अलीकडे अपडेट केला’ असं दिसतं, पण मधला एखादा धडा बदलला तरी ती तारीख पुढे सरकू शकते. मी तारखेवर विसावत नाही, मधलाच एक धडा लावून बघते. पानाची मांडणी अजून फ्लोट या जुन्या पद्धतीने शिकवतायत का? त्याजागी आलेलं ग्रिड 2017 पासून मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, फ्लेक्सबॉक्स त्याहून जुना. रिॲक्टचे सगळे कंपोनंट (पानाचे तुकडे) क्लासने लिहितायत का? क्लासशिवाय तेच काम करू देणारे हुक्स फेब्रुवारी 2019 मध्ये आले. पहिल्याच धड्यात क्रिएट रिॲक्ट ॲप (नवा प्रोजेक्ट उभा करून देणारं जुनं टूल) चालवायला सांगत असतील तर तो कोर्स मी बंद करते. रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी 2025 मध्ये ते नव्या ॲपसाठी वापरू नका म्हणून जाहीर केलं. जुन्या कोर्समधली तत्त्वं खोटी नसतात, पण शिकणाऱ्याचा अर्धा वेळ इन्स्टॉलेशनच्या एररशी झुंजण्यात जातो आणि आपल्यालाच जमत नाही असं त्याला वाटू लागतं. हे मला फार लागतं.

पैसे भरले म्हणजे शिकलो, हा समज तर सोडूनच द्या. एमडीएन, फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट या शिकण्याच्या साइट्स मोफत आहेत, आणि एवढं मन लावून केलं तर सुरुवातीला बाकी काही लागत नाही. तीन कोर्स एकदम चालू ठेवू नका.

व्हिडिओ बघत बघत टाइप करणं म्हणजे शुद्धलेखन. धडा संपला की व्हिडिओ बंद करून तेच पुन्हा कोऱ्या फाइलमध्ये लिहा.

एआयकडून कोड घेतलात तर प्रत्येक ओळ तोंडी समजावता आली पाहिजे. नाही आली तर ती ओळ काढा.

एडिटर कुठला, यावर आठवडा घालवू नका. व्हीएस कोड घ्या, त्यात प्रीटियर (कोड नीट मांडून देतं) आणि लाइव्ह सर्व्हर (बदल लगेच ब्राउझरमध्ये दाखवतं) टाका, पुरे. वीस एक्स्टेन्शन टाकली की चुकतंय ते आपल्या कोडमुळे की त्यांच्यामुळे, हेच कळेनासं होतं.

आणि कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी, बंद ठेवून काम करू नका. पान कोरं दिसलं की एफ12 दाबा, आधी कन्सोल वाचा, मग टर्मिनल, मग नेटवर्क टॅब (पान काय काय मागवतंय ते इथे दिसतं). लाल ओळ पूर्ण वाचा, त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. तिथे जाऊन बघून आल्यावर मला विचारा.