लाकडी तुळया आणि खांबांना अग्निरोधक लेप कसा द्यावा

जाड तुळई आग लागली की लगेच कोसळत नाही. वरचे लाकूड जळून त्याचा कोळसा होतो आणि तोच थर आतल्या लाकडाला काही काळ आच लागू देत नाही. तरी मऊ जातीचे लाकूड मिनिटाला साधारण ०.८ मिलिमीटर या वेगाने आत जळत जाते. दोन्ही बाजूंनी पेटलेली १०० मिलिमीटर रुंदीची तुळई अर्ध्या तासात जेमतेम निम्मी उरते. लेप द्यायचा तो हे जळणे उशिरा सुरू व्हावे म्हणून.

आधी गरज ठरवा. काही लेप ज्वाळा पृष्ठभागावर पसरू देत नाहीत, एवढेच त्यांचे काम. तुळईने आगीत ठरावीक मिनिटे भार पेलायचा असेल तर त्यासाठी लाकडावर चाचणी झालेलाच लेप हवा. डब्यावर नुसते ‘फायरप्रूफ’ लिहिलेले पाहून घेऊ नका, चाचणी अहवाल मागा. किती मिनिटे हवीत आणि थर किती जाड लागेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

यासाठी बहुधा इंट्युमेसंट, म्हणजे उष्णतेने फुगणारा लेप वापरतात. त्यात अमोनियम पॉलिफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन ही द्रव्ये असतात. पहिल्यातून निघणारे आम्ल दुसऱ्याचा कोळसा करते, मेलामाइनमधून सुटणारा वायू त्या कोळशाला फेसासारखा फुगवतो. म्हणून लेपासमोर फुगायला जागा हवी. त्याला चिकटून पॅनेल ठोकू नका.

आता लाकडाची तयारी. कुजलेला किंवा वाळवी लागलेला भाग आधी बदला, लेपाने तो मजबूत होत नाही. जुना रंग, व्हार्निश, मेण, तेल पूर्ण काढा. फार जुन्या रंगात शिसे असू शकते, तो कोरडा घासू नका. मॉइश्चर मीटरने ओलावा तपासा. १५ टक्क्यांच्या आत असला तर उत्तम. मग पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवा, धूळ पुसा. धारदार कडा थोड्या गोल करा, कारण तिथे लेप ओसरून पातळ राहतो.

लेप नीट ढवळा आणि कंपनीने सांगितले नसेल तर पातळ करू नका. ब्रश, रोलर किंवा एअरलेस स्प्रे, काहीही चालेल. महत्त्वाची आहे ती जाडी, आणि नेमकी तिथेच सर्रास काटकसर होते. समजा वाळलेला थर २१० मायक्रॉन हवा आहे आणि लेपात आकारमानाने ७० टक्के घन भाग आहे, तर ओला थर ३०० मायक्रॉन बसला पाहिजे. तो दातेरी कंगवा-गेजने लेप ओला असतानाच जागोजागी मोजा. एका हातात जमत नसेल तर दोन-तीन हात द्या, पण आधीचा पूर्ण वाळल्यावरच.

बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या विसरू नका. लोखंड उष्णता थेट लाकडाच्या गाभ्यापर्यंत नेते, त्यामुळे सांध्यांचे संरक्षण इंजिनिअरला वेगळे विचारा.

शेवटी टॉपकोट. ओलाव्याने बरेच लेप निकामी होतात, म्हणून दमट जागी तो हवाच. मात्र त्याच कंपनीने मान्य केलेला. भलताच कडक रंग वर बसला तर खालचा लेप फुगू शकत नाही. उत्पादनाचे नाव, बॅच, जाडी आणि तारीख लिहून ठेवा. पुढे वायरिंगसाठी कोणी तुळईला भोक पाडले किंवा लेप खरवडला गेला, तर त्या जागी तेवढ्याच जाडीचा लेप पुन्हा द्या.