निवृत्तीनंतर बोटीवर राहायला निघालात? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या बहुतेक चुकांचं मूळ पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या बोट क्लबात आहे. ह्यांनी कॉलेजात असताना रेगाटात, म्हणजे बोटींच्या सोहळ्यात, वल्ही मारली होती, त्यामुळे बोट आपल्याला कळते असा त्यांचा ठाम समज. मुळेच्या संथ पाण्यात वल्हं आडवं धरलं की बोट आवरते. साडेनऊ टनांची पोलादी मोटरबोट तशी आवरत नाही, हे कळेपर्यंत धक्क्याची एक फळी गेली, दोन फेंडर, म्हणजे कडेला धक्का झेलायला टांगलेल्या फुगीर उशा, फुटले आणि शेजारच्या बोटीवरचे आजोबा आमच्याशी बोलायचे बंद झाले.

मुलगी नेदरलँड्सला असते. तिच्या नावावर घेतलेल्या साडेदहा मीटरच्या, १९८२ सालच्या बोटीवर आम्ही उन्हाळ्यात राहतो. उरलेलं वर्ष कोथरूड. नेदरलँड्समध्ये १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा हळू जाणाऱ्या हौशी बोटीला परवाना लागत नाही. आमची ताशी ९ किलोमीटरने जाते, म्हणजे संध्याकाळी लकडी पुलावरून रिक्षा जाते तशी. परवाना नको म्हणजे शिकायला नको, असं आम्ही धरून चाललो. तुम्ही धरू नका. आधी आठवडाभर भाड्याची बोट घ्या, आणि दोघंच जा. जाणता माणूस बरोबर असला की सगळं सोपं वाटतं.

तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत

शेंगेन व्हिसावर, म्हणजे नेदरलँड्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मी तीस वर्षं बँकेत व्याज मोजलं, तरी पहिल्या वर्षी १ मे ते ३१ जुलै अशी तिकिटं काढली. मे ३१, जून ३०, जुलै ३१: झाले ९२. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. सुदैवाने लेकीने वेळेवर बोटं मोजली. १ मेपासून सलग ९० दिवस राहिलात तर २८ ऑक्टोबरच्या आधी परत जाता येत नाही, म्हणजे बोटींचा हंगाम संपलेला. व्हिसावर दिवस त्याहून कमी लिहिले असतील तर तेच खरे. आमची पालखी दरवर्षी चुकते, गणपती मात्र गाठतो.

लॉकमध्ये दोर बांधून ठेवू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल.

लॉक म्हणजे कालव्यातला दोन दारांचा हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार बंद, पाणी चढतं किंवा उतरतं, पुढचं दार उघडतं. आम्ही मास नदीवर होतो आणि पाणी तीन मीटरच्या वर उतरणार होतं. मी पुढे, हे मागे. ह्यांनी मागचा दोर भिंतीवरच्या खुंटाला घातला, बोटीवरच्या खुंटीला आठाच्या आकड्यात सुबक गुंडाळला, वर एक गाठ मारली आणि चिवड्याचा डबा उघडून बसले.

पाणी उतरताना आवाज येत नाही. मला पहिल्यांदा कळलं ते टेबलावरची वाटी माझ्याकडे घसरत आली तेव्हा. मागे पाहिलं तर बोटीचं शेपूट भिंतीला टांगलेलं आणि पुढची बाजू पाण्यात जात चाललेली.

"अहो, दोर सोडा!"

"सुटत नाहीये गं! गाठ आवळलीय!"

सुटणार कशी? सगळ्या बोटीचं वजन तिच्यावर. मी भाजी चिरायची सुरी दिली, ह्यांनी दोर कापला आणि बोट धाडकन खाली आदळली. कपाटातल्या चौदा कपबश्यांपैकी पाच उरल्या. कापतानाचा दोर चाबकासारखा उलटला, तो ह्यांच्या कानाजवळून गेला. वर लॉकवाला भोंग्यावरून डचमध्ये काहीतरी बराच वेळ बोलत होता. अर्थ विचारायची गरज पडली नाही.

बरोबर पद्धत अशी: दोर खुंटाभोवती फिरवून परत हातात घ्यायचा, गाठ नाही. पाणी उतरेल तसा सैल सोडत जायचा, चढेल तसा ओढून घ्यायचा. तेवढा वेळ हातात दुसरं काही नको, फोन नको आणि चिवडाही नको. अडकलाच, तर आधी भोंगा वाजवून लॉकवाल्याला पाणी थांबवायला लावा. सुरी हा शेवटचा उपाय. आणि बोट भिंतीला लागत असेल तर मध्ये हात-पाय घालू नका, मध्ये फेंडर घाला. रंग गेला तर परत लावता येतो.

इंजिन तापलं

ह्यांचं आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात डिझेल इंजिनांत गेलं, म्हणून या भागात मी बोलूच नये असा नियम होता. तो फ्रीसलंडमधल्या एका पाणवनस्पतींनी भरलेल्या कालव्यात मोडला. आमचं इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचं पाणी आत ओढतं आणि धुराबरोबर मागून टाकतं. मी मागे कपडे वाळत घालत होते. पाण्याचा चुळकचुळक आवाज बंद होऊन नुसता घोगरा, कोरडा आवाज यायला लागला. मी सांगितलं. उत्तर आलं, "काट्यावर सगळं ठीक आहे." काटा आणखी दोन मिनिटांनी चढला.

मागून पाणी पडायचं थांबलं की काट्याची वाट पाहू नका. वाहतुकीच्या वाटेतून बाजूला व्हा, इंजिन बंद करा, नांगर टाका किंवा काठ धरा. मग बोटीच्या तळाचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गाळणीचं झाकण उघडा. बहुतेक वेळा शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी निघते. गाळणी धुवा, झाकणाची रबरी रिंग नीट बसवा, व्हॉल्व्ह पुन्हा उघडा. हे शेवटचं आमच्याकडून राहिलं. व्हॉल्व्ह बंदच, इंजिन चालू, आणि पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरून फाटला. त्याची पाती मोजून काढा; एखादं कमी असेल तर ते पुढच्या नळीत अडकलेलं असतं. जास्तीचा इम्पेलर बोटीवर हवाच. आमच्याकडे नव्हता, त्यामुळे एका गावात चार दिवस मुक्काम पडला. गाव छान होतं, ते असो.

इंजिन तापत नसून नुसतं धापा टाकत असेल तर डिझेलचा फिल्टर बघा. काळा चिकट गाळ असला तर टाकीत पाणी साचून त्यात जंतू वाढलेत. हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवली की आतल्या पत्र्यावर दव धरत नाही.

सहा अँपियरमध्ये संसार

धक्क्यावर विजेचा खांब असतो, त्यावर १६ अँपियर असतील असं गृहीत धरू नका. कित्येक ठिकाणी सहाच मिळतात. २३० व्होल्टला ते होतात १३८० वॉट. दोन हजार वॉटची किटली लावली की खटका पडतो, आणि खांबाला कुलूप असेल तर किल्ली हार्बरमास्तरकडे. सकाळी सहाला चहासाठी त्याला उठवणं बरं दिसत नाही. चहा गॅसवर करा. गॅस मात्र वापर झाला की सिलिंडरपाशीच बंद करा. तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खिडकीतून जात नाही, बोटीच्या पोटात साचतो.

प्रेशर कुकर न्याच. गॅस वाचतो, झाकण पक्कं असल्याने बोट हलली तरी आमटी सांडत नाही. फक्त पहिल्या शिट्टीला आजूबाजूच्या तीन बोटींवरची माणसं बाहेर आली होती.

धक्क्यापासून लांब असताना सगळं बॅटरीवर. जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली उतरवू नका. तिथे ती साधारण अर्धी झालेली असते, आणि वारंवार त्याखाली नेली की एका हंगामात मरते.

पाणी

पाणी वाचवायला पुणेकराला शिकवायला नको. साडेतीनशे लिटरची टाकी आम्हाला आठवडाभर पुरते, बादली आणि तांब्यामुळे. घोळ दुसरीकडे झाला. संडासाचं पाणी साठतं ती टाकी साठ लिटरची, आणि आपण कागद वापरणारी माणसं नव्हे. तिथल्या जोडप्याला जी आठवडा जाते ती आमची तीन दिवसांत भरली, रविवारी, आजी-आजोबा म्हणून नातवंडं राहायला आलेली असताना. २००९ पासून तिथे हौशी बोटींनी संडासाचं पाणी कालव्यात सोडायला बंदी आहे. त्यामुळे टाकी उपसायचं यंत्र कुठल्या हार्बरमध्ये आहे ते नकाशावर आधी खूण करून ठेवा, आणि टाकी अर्धी झाली की वाट वाकडी करा.

धक्क्यावर उडी मारू नका

बोट टेकेपर्यंत थांबा, मग पाय टाका. पासष्टीतला गुडघा उडी विसरत नाही. टिळक तलावावर पोहायला शिकलो म्हणून लाइफ जॅकेट नको, हेही मनातून काढा. थंड पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर नुसता श्वास लागतो, पोहणं सुचत नाही. आणि मीटरभर उंच कडेवरून कपड्यांसकट वर चढता येत नाही. पाण्यातून हात पोचेल अशी शिडी आहे का, ते बोट घेतानाच बघा.

आणि कोथरूडचं बंद घर

निघण्याआधी मिळकतकर भरा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा, इन्व्हर्टर बंद करा. बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो त्याचं रोमिंग पुण्यातच चालू करून तपासा. आम्ही हे विमानतळावर करायला गेलो आणि दोन आठवडे पेन्शनच्या पैशाला हात लावता आला नाही.

बोटीवर दमटपणा फार, म्हणून तिथे बोट सोडताना कपाटांची दारं उघडी ठेवून मध्ये पाचर मारतात. एका वर्षी ऑगस्टमध्ये परत आलो तर बोटीवरच्या रजया खणखणीत, आणि कोथरूडच्या बंद कपाटातल्या माझ्या दोन पैठण्यांना बुरशी. तेव्हापासून इथलीही सगळी दारं-खण सताड उघडे टाकून जातो. समोरच्या काकूंकडे किल्ली असते, त्यांना हे सांगायचं राहिलं. त्यांनी चोरी झाली म्हणून सोसायटीचे चेअरमन आणि वॉचमन दोघांनाही वर बोलावलं होतं.