चार्टर विमानाचं परमिट काढताना या चुका टाळा

परदेशातून येणाऱ्या चार्टर आणि खासगी विमानांची परमिटं काढणं हे माझं मुंबईतलं रोजचं काम. अर्ज अवघड नसतो. डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, माहिती भरायची, कागद जोडायचे, वायए नंबर, म्हणजे परवानगीचा क्रमांक, आला की तो फ्लाइट प्लॅनमध्ये टाकायचा. तरीही त्याच त्या चुका फिरून माझ्या टेबलावर येतात, आणि येतात त्या नेमक्या शुक्रवारी संध्याकाळी.

सगळ्यात जास्त रक्त आटवते ती वेळेची चूक. विमानाच्या कागदांवर वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, लिहितात, बोलताना आम्ही तिला झुलू म्हणतो. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे झुलूचे १८:३० झाले की आपल्याकडे तारीख बदलते. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. पण अर्ज भरताना वेळ झुलूची टाकतात आणि तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयातली.

मस्कतहून एक चार्टर मुंबईला यायचं होतं, लग्नाचं वऱ्हाड घेऊन. उतरायची वेळ १९:४० झुलू, म्हणजे आपल्या रात्रीचे १:१०. झुलूने तारीख १३, आपल्याकडे १४. ऑफिसातल्या नव्या मुलाने लिहिलं १४ तारीख, १९:४०. मी वरवर नजर टाकली आणि सोडून दिलं. परमिट आलं, अगदी व्यवस्थित, फक्त एक दिवस उशिराचं. शनिवारी रात्री साडेआठला मी ताटावर बसलो होतो, तेवढ्यात विमानतळावर विमानाची व्यवस्था बघणाऱ्या ग्राउंड हँडलरचा फोन: ‘साहेब, वायए उद्याचा दिसतोय.’ तिकडे वऱ्हाड विमानतळावर जायला निघालेलं. पुढचे दोन तास मी दोन फोनांवर होतो. दुरुस्ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी. हळद मुंबईत, नवरदेव मस्कतमध्ये. त्याच्या मामांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ते चुकीचंही नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक अर्जाआधी मी कागदावर पेन्सिलीने दोन ओळी लिहितो. वर झुलू, खाली आपली वेळ, आणि दोन्हींपुढे वार. ‘शनि १९:४०, रवि ०१:१०.’ वार लिहिला की गडबड लगेच डोळ्यांवर येते. मोबाइलवर वेळ बदलून देणारी ॲप्स आहेत म्हणे. माझ्या टेबलावर ती चालत नाहीत. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली तेव्हा प्रवासी उतरवायची शेवटची वेळ होती २२ मार्च, २०:०१ जीएमटी, म्हणजे झुलूच. आपल्याकडे तेव्हा २३ तारीख लागून दीड तास झाला होता. त्या रात्री ज्यांनी नुसतं ‘२२ तारीख’ वाचलं, त्यांची काय धावपळ उडाली असेल!

दुसरी चूक गोव्याची. नुसतं ‘गोवा’ लिहू नका. जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू आहे. दाबोळीचा कोड व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए. एका अक्षराचा फरक, पण एक विमानतळ दक्षिणेला, दुसरा पार उत्तरेच्या टोकाला. शिवाय दाबोळी नौदलाचा तळ आहे आणि पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. तिथे डीजीसीएचं परमिट हातात असलं तरी त्यांची संमती वेगळी घ्यावी लागते.

‘थेट बारामतीला उतरवा ना’ असंही विचारणारे असतात. परदेशातून आलेलं विमान आधी कस्टम्स आणि इमिग्रेशन असलेल्या विमानतळावरच उतरतं. पुढचं पुढे.

परमिट म्हणजे पार्किंग नव्हे. मुंबईत स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, आणि पार्किंग वेगळं मागा, आधी मागा.

आता टेल नंबर, म्हणजे विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर. परमिट ‘त्या कंपनीच्या एका जेट’ला मिळत नाही, अर्जात लिहिलेल्या रजिस्ट्रेशनच्या विमानाला मिळतं. आदल्या रात्री विमानात बिघाड होतो, ऑपरेटर दुसरं उभं करतो आणि आम्हाला सांगतो सकाळी, तेही सहज, जणू टॅक्सी बदलली. नवीन विमानाचे सगळे कागद नव्याने लागतात: रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि विमा. विम्याच्या यादीत नवा टेल नंबर नसतो, हे तर ठरलेलंच. म्हणून मी पहिल्याच ईमेलला विचारतो, बदली विमान कोणतं? उत्तर आलं नाही तर अर्ज पुढे सरकवत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

मधूनच एखादा हुशार आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं पाचवं कलम काढून दाखवतो: नियमित वेळापत्रकात नसलेल्या विमानाला आगाऊ परवानगी लागत नाही! १९४४ च्या त्या करारात तसं आहे खरं, पण त्याच कलमात अटीही आहेत, आणि पहिल्या कलमात हवाई हद्दीवर त्या त्या देशाची पूर्ण सत्ता मान्य केलेली आहे. भारतात आगाऊ परवानगी लागते, विषय संपला. इतकी चौकशी कशाला, असं वाटत असेल तर पश्चिम बंगालमधलं पुरुलिया आठवा. डिसेंबर १९९५ मध्ये एका परदेशी मालवाहू विमानाने तिथे रात्रीच्या अंधारात शस्त्रं टाकली, आणि काही दिवसांनी तेच विमान आपल्या मुंबईत उतरवावं लागलं.

परदेशी सरकारी किंवा लष्करी विमान असेल तर अर्ज आमच्याकडे आणूच नका. ते दूतावासामार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे जातं.

बाहेर जाताना लोक फक्त उतरायच्या देशाची परवानगी काढतात आणि मधले देश विसरतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा युरोपला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळवावी लागली. मार्ग बदलला की वाटेतले देश बदलतात, आणि प्रत्येकाच्या ऑफिसची सुट्टी वेगळी. आखातात कुठे शुक्रवार, कुठे रविवार.

परवाच एका नव्या ऑपरेटरचा फोन होता. कागद अर्धे, उड्डाण परवावर, आणि प्रश्न एकच: ‘दिल्लीत कुणी ओळखीचं आहे का?’ मी म्हटलं, विम्याचं पान तिरकं आलंय, नंबर वाचता येत नाही, आधी ते नीट स्कॅन करून पाठवा. संध्याकाळपर्यंत आलं. पुन्हा तिरकंच.