बेंच ड्रिल मशीनचे झिजलेले भाग कसे ओळखावेत आणि कसे बदलावेत

तेरा मिलिमीटर चकचे (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यांचे) बेंच ड्रिल मशीन लहान फॅब्रिकेशनच्या दुकानात वर्षानुवर्षे चालते आणि त्याची देखभाल बहुधा पुसून ठेवण्यापुरतीच होते. भोक मोठे पडू लागले किंवा ड्रिल टेकताना भटकू लागले, की सर्वांत आधी चकवर संशय घेतला जातो आणि नवा चक आणला जातो. पुष्कळदा दोष चकमध्ये नसतोच. म्हणून कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी, ०.०१ मिलिमीटर मोजणारा डायल गेज आणि चुंबकी स्टँड हाताशी घेऊन दोष नेमका कोठे आहे, हे शोधावे.

प्रथम प्लग काढावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. क्विल (हँडलने खाली-वर सरकणारी नळी, जिच्यात चक फिरवणारा दांडा म्हणजे स्पिंडल बसतो) थोडी खाली आणून चक हातात धरावा आणि आडवा हलवून पाहावा. खटका जाणवला, तर गेजचे टोक आधी क्विलच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टेकवून तीच हालचाल पुन्हा करावी. क्विलच हलत असेल, तर ती हेडच्या (मशीनच्या वरच्या मुख्य भागाच्या) भोकात सैल झाली आहे. क्विल स्थिर राहून फक्त स्पिंडल हलत असेल, तर बेअरिंग गेली आहेत. या दोन दोषांचे उपाय आणि खर्च अगदी वेगळे असल्यामुळे ही तपासणी टाळू नये.

भोक आऊट (फिरताना ड्रिल केंद्रापासून हलल्याने मोठे) पडण्याची तपासणी वरून खाली करावी. चक आणि आर्बर (चकला स्पिंडलशी जोडणारा दांडा) काढून गेजचे टोक स्पिंडलच्या आतील टेपरवर (निमुळत्या पृष्ठभागावर) लावावे आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवावे. येथे काटा ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरच्या आत फिरत असेल, तर या दर्जाच्या मशीनसाठी स्पिंडल उत्तम आहे. नंतर आर्बर बसवून त्याच्यावर आणि शेवटी चकमध्ये सरळ, ग्राइंड केलेली पिन धरून तिच्यावर मोजावे. ज्या टप्प्यावर आकडा एकदम वाढतो, तो भाग दोषी समजावा.

आर्बर काढण्यासाठी क्विल खाली आणून तिच्यातील व स्पिंडलमधील खाच समोरासमोर आणावी, खाली लाकडी फळी ठेवावी आणि खाचेत ड्रिफ्ट (पाचरीसारखी चपटी पट्टी) घालून हातोडीचा एक नेमका ठोका द्यावा. मोर्स टेपर (आर्बरच्या निमुळतेपणाचे प्रमाणित माप) दोन क्रमांकाचा उतार दर २० मिलिमीटर लांबीला व्यासात सुमारे १ मिलिमीटर इतका कमी असतो, म्हणूनच तो स्क्रू नसतानाही स्वतःच्या पकडीवर टिकतो. पण त्याच कारणामुळे मध्ये अडकलेला एखादा बारीक बुरादाही टेपर तिरका बसवतो. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसावेत आणि बोटाने उंचवटे चाचपावेत. आर्बरवरील उंचवटा बारीक ऑइलस्टोनने घासावा, स्पिंडलच्या आतील ओरखड्यांसाठी मोर्स टेपरचा रीमर फक्त हाताने, अगदी हलका फिरवावा. बसवताना टेपरला तेल लावू नये. चकचे जबडे पूर्ण आत घेऊन त्याच्या तोंडावर लाकडी ठोकळा ठेवावा आणि मगच ठोकावे. जबड्यांच्या टोकांवर पडलेला एक ठोकाही चक कायमचा बिघडवू शकतो. एवढे करूनही आकडा चकवरच वाढत असेल आणि जबडे टोकाशी रुंदावले असतील, तर मात्र चक बदलावा. नवा घेताना जुन्या चकमागील टेपरचा क्रमांक (बी १६, जेटी ६ वगैरे) वाचून न्यावा.

क्विल उतरवणे आणि बेअरिंग बदलणे

येथे सर्वांत धोक्याचा भाग बेअरिंग नसून हेडच्या बाजूला डबीत बसवलेली रिटर्न स्प्रिंग आहे. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली ही पट्टी ताणाखाली असते आणि निसटल्यास हात कापते. क्विल वर घेऊन लॉक करावी, टेबल वर आणून तिच्याखाली ठोकळ्याचा आधार द्यावा आणि डबी हेडच्या कोणत्या खाचेत आहे याची खूण करून ठेवावी. जाड हातमोजे घालून (मशीन चालू असताना मात्र हातमोजे कधीही घालू नयेत) डबी घट्ट धरावी, नट काही आटे सैल करावेत, डबी खाचेतून जेमतेम बाहेर ओढावी आणि स्प्रिंग ज्या दिशेने ओढते त्या दिशेने फेरे मोजत सावकाश सोडावी. ताण संपल्यावर डेप्थ स्टॉप आणि पिनियनचा (क्विलच्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, सरकवणाऱ्या दातेरी चाकाचा) दांडा काढावा. मग लॉक सोडून क्विल हातावर तोलत खाली घ्यावी.

क्विलच्या वरच्या टोकाचा नट किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) काढून स्पिंडल नायलॉनच्या हातोडीने खाली ठोकल्यास ते सहसा खालच्या बेअरिंगसह बाहेर येते. हे ठोके बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातात, त्यामुळे अशी निघालेली बेअरिंग हाताला गुळगुळीत वाटली तरी परत वापरू नयेत. क्रमांक बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आतील व्यास १७, बाहेरील ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. क्रमांकापुढे झेडझेड असल्यास पत्र्याचे आणि २ आरएस असल्यास रबराचे आवरण समजावे. बेअरिंग ओळखीच्या, खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे, कारण नावाजलेल्या कंपन्यांची बनावट बेअरिंग बाजारात असतात आणि वाचलेल्या थोड्या रुपयांसाठी हे सारे काम पुन्हा करण्यात शहाणपण नाही.

बसवताना एक नियम पाळावा: जी कडी घट्ट बसते, तिच्यावरच दाब द्यावा. स्पिंडलवर चढवताना आतील कडीला टेकणारा पाइपचा तुकडा वापरावा, क्विलमध्ये दाबताना बाहेरील कडीला टेकणारा. स्पिंडल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्यास बेअरिंग बरेच सहज चढते. त्याआधी स्पिंडल प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळावे, नाहीतर दव साचून गंज चढतो. वरचा नट आवळताना प्ले (सैलपणा) नाहीसा होईल पण स्पिंडल बोटांनी मोकळे फिरेल, इतपतच आवळावा.

क्विल स्वतःच सैल असेल, तर आधी हेडला समायोजनाचा बोल्ट किंवा बाजूचा ग्रब स्क्रू (डोके नसलेला स्क्रू) आहे का ते पाहावे; तो थोडा आवळून बराच फरक पडतो. तशी सोय नसल्यास हेड बोअर करून (भोक मोठे करून) बुश (आतली नळी) बसवावा लागतो. स्वस्त मशीनसाठी हा खर्च परवडण्याजोगा नसतो, आणि अशा वेळी ते मशीन ढोबळ कामाला ठेवणेच बरे.

पट्ट्याचे काम सोपे आहे. कडा चकाकत असतील किंवा आतून भेगा दिसत असतील, तर त्यावर छापलेल्या क्रमांकाचाच नवा व्ही-बेल्ट आणावा, दोन्ही पुल्या एका पातळीत आहेत हे सरळपट्टी लावून पाहावे आणि मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबेल इतका ताण ठेवावा. जास्त ताणलेला पट्टा मोटारचे आणि वरच्या पुलीचे बेअरिंग खातो.

जोडणी उलट क्रमाने करावी. रॅकला ग्रीस आणि क्विलला पातळ तेल लावावे, स्प्रिंग मोजलेले फेरे देऊन जुन्या खुणेवर आणावी, आणि सोडल्यावर क्विल आपोआप, पण न आपटता वर जाते का ते पाहावे. सर्वांत कमी वेगावर १५ मिनिटे मशीन रिकामे चालवावे आणि बंद करून क्विलला हात लावून पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही, चटका बसल्यास वरचा नट किंचित सैल करावा. त्यानंतर सुरुवातीला घेतलेली सर्व मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि आकडे तारखेसह पट्ट्याच्या झाकणाच्या आतील बाजूस मार्करने लिहून ठेवावेत.