पद्मिनीचा दरवाजा खाली बसलाय आणि खालून गंजलाय, तर कामाचा क्रम काय ठेवायचा

पद्मिनी कोणाचीही असो, दरवाज्याची तक्रार ठरलेली. उचलून लावावा लागतो, लावताना खण्ण आवाज येतो, आणि खालच्या कडेला रंग फुगून पापड आलेला असतो. १९६४ ला कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेलेली ही गाडी, यातली शेवटची निघालेली सुद्धा आता वीस वर्षांच्या वर गेलीय, त्यामुळे पत्र्याने दम सोडला तर त्यात नवल काही नाही. नवल याचं वाटतं की बहुतेक ठिकाणी काम उलट्या क्रमाने होतं, म्हणजे आधी स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा लॉक अडकतो तो तुकडा, खाली सरकवतात, मग पुट्टी, मग रंग, आणि एक पावसाळा गेला की दरवाजा परत होता तिथेच.

स्ट्रायकरचं काम दरवाजा धरून ठेवायचं आहे, उचलायचं नाही. त्यामुळे पहिली गोष्ट, तपासायच्या आधी स्ट्रायकर सरळ काढूनच टाका, मग दरवाजा हलकेच टेकवून बघा तो खरा कुठे येतोय. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही, आणि टायरमधली हवा सारखी.

आता दरवाजा अर्धा उघडा, कडेला दोन्ही हातांनी धरून वर उचला आणि दुसऱ्या कोणाला तरी हिंजकडे, म्हणजे बिजागरीकडे बघायला सांगा. एकट्याने हे कळत नाही. पिन आपल्या भोकात हलताना दिसली तर पिन आणि भोक झिजलंय. अख्खं हिंज पिलरसकट, म्हणजे ते ज्या उभ्या खांबावर बसतं त्याच्यासकट हलतंय, पत्रा आतबाहेर होतोय, तर पिलर गेलाय. आणि हिंजचं पान पिलरवर घट्ट आहे, पिनही घट्ट आहे पण दरवाजा तिथून पुढे वाकतोय, तर दरवाज्याच्या आतली फ्रेम हिंजपाशी कुजलीय किंवा चिरलीय. तीन वेगळी दुखणी, तिन्हीचा इलाज वेगळा, आणि जुन्या गाडीत दोन तरी एकत्र सापडतातच.

चौथी शक्यता जास्त वाईट, ती म्हणजे सिल, दरवाज्याखालची लांब पोकळ पेटी. दरवाजा बंद असताना भोवतीच्या फटी बघून ठेवा, मग सिलच्या मधोमध लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक अगदी हळू वर घ्या. चांगल्या बॉडीत फटी जवळपास तशाच राहतात. फटी डोळ्यांदेखत बदलायला लागल्या किंवा ठोकळा पत्र्यात रुतायला लागला तर थांबा, तुमचा प्रश्न दरवाज्याचा नाहीच, गाडी मधून वाकतेय. अशा वेळी आधी सिल, नंतर पिलर, आणि दरवाजा सगळ्यात शेवटी. सिल कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा पाइप वेल्डिंगचे टाके (छोटे ठिपके) मारून घ्यायचा, नाहीतर कापल्या कापल्या चौकट हलते आणि मग कुठलाच दरवाजा कुठेच बसत नाही. हे काम घरी करू नका असं मी स्पष्ट सांगेन, अनुभवी डेंटर (पत्र्याचं काम करणारा) बघा.

डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट ११०० असेल तर अजून एक भानगड, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे पुढच्या मागच्या दोन्ही दरवाज्यांचा भार त्याच मधल्या पिलरवर. त्या गाडीत मधल्या पिलरचा तळ सगळ्यात आधी टोचून बघायचा.

हिंजचं काम त्यातल्या त्यात सोपं आणि समाधान देणारं. दोन हिंजमधलं अंतर दरवाज्याच्या रुंदीच्या साधारण निम्मं धरलं तर हिंजमधला १ मिमी खेळ कडेला २ मिमी होऊन दिसतो, त्यामुळे थोडी झीजही दुर्लक्ष करण्यासारखी नसते. आधी हिंज बोल्टवर आहे की कोणी मधल्या काळात वेल्डिंग मारून ठेवलंय ते बघा. दरवाजा काढण्याआधी हिंजभोवती खिळ्याने रेघ ओढून ठेवा आणि खाली जॅकवर जाड चिंधी ठेवून दरवाज्याला आधार द्या, काच आणि काच वरखाली करायच्या मशीनसकट तो चांगलाच जड असतो. बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवायचं, गोल झालेला बोल्ट काढण्यात जो वेळ जातो त्याला तोड नाही. पिन काढून हिंज थेट लेथवाल्याकडे न्या. भोक अंडाकृती झालं असेल तर नुसती जाड पिन ठोकून उपयोग नाही, भोक गोल मोठं करून त्यात पितळी बुश (आत बसणारी नळी) आणि बुशच्या मापाची नवी पिन, हे नीट काम. मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याला जुनं हिंज मिळेलही, पण ते तुमच्याइतकंच झिजलेलं निघायची शक्यता दाट, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी पिन हलवून बघा.

काही जण हिंजच्या फटीत लाकूड अडकवून दरवाजा दाबतात, हिंज वाकतं आणि दरवाजा वर येतो. येतो खरा, पण पिनचा खेळ तसाच राहतो आणि पिलर कुजका असेल तर पत्रा फाटतो. नको.

आता गंज. दरवाजा खालून का कुजतो हे कळलं तर अर्धं काम झालं. काचेच्या बाहेरच्या कडेला जी फेल्टची पट्टी असते ती कडक झाली की पाणी आत जातं, ते तसं जाणारच असतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडणार असतं. पण भोकं धूळ, पानं आणि जुन्या रंगाने बुजलेली, मग पाणी तळाशी साचतं, आणि बाहेरचा पत्रा आतल्या फ्रेमवर जिथे दुमडलेला असतो त्या घडीत ते शिरून बसतं. वरून पापड दिसायला लागतो तेव्हा घडीच्या आतलं बरंचसं संपलेलं असतं. कोकणातल्या किंवा समुद्राकाठच्या गाडीत तर विचारूच नका.

आतला कार्डबोर्ड, हँडल, काच, मशीन सगळं काढा. आत पत्र्याला डांबराचे तुकडे चिकटवलेले असतील तर तेही खरवडा, त्यांच्यामागे ओल धरते आणि वेल्डिंगला ते पेट घेतात. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत पत्रा लागेपर्यंत साफ करा, मास्क आणि गॉगल घालूनच, जुन्या रंगात शिसं असू शकतं. स्क्रूड्रायव्हरने टोचून जिथे भोक पडतंय त्याच्या वर अजून दोन बोटं चांगला पत्रा सोडून कापायची रेघ मारा. कुजक्या काठाला वेल्डिंग धरत नाही, तो काठ जाळ लागला की वितळून पळतो.

क्रम इथेही महत्त्वाचा, आधी आतल्या फ्रेमची खालची पट्टी, मग बाहेरचा पत्रा, आणि दोन्ही एकाच वेळी कापू नका, नाहीतर दरवाज्याचा आकार कशावरून धरणार. पत्रा २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी, सीआरसी (कोल्ड रोल्ड) घ्यायचा. पुठ्ठ्याचा नमुना आधी कापा. मिगवर, म्हणजे वायरच्या वेल्डिंग मशीनवर, ०.८ मिमीची वायर लावून नुसते टाके मारत जायचं, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मग मध्ये, प्रत्येक टाका थंड होऊ द्यायचा, कारण सलग ओढलंत तर बाहेरचा पत्रा पापडासारखा लाटा मारतो आणि मग ते सगळं पुट्टीखाली लपवावं लागतं. गॅस वेल्डिंगवर हात बसलेले जुने डेंटर सुंदर काम करतात, पण मोठ्या सपाट पत्र्यावर मी मिगच सांगेन. घडी घालायच्या आधी दोन्ही पत्र्यांच्या मधल्या अंगाला झिंक प्रायमर लावा, नंतर तिथे ब्रश जात नाही. घडी हातोडी आणि डॉलीने (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) थोडी थोडी करत आणायची, एका फटक्यात नाही. बॅटरी काढलेली, दरवाजा गाडीपासून लांब आणि बाजूला पाण्याची बादली, हे वेगळं सांगायला नको.

आणि पाण्याची भोकं! नवीन पट्टी घातल्यावर तळाच्या सगळ्यात खालच्या जागी ८ मिमीची तीन-चार भोकं पाडायला लोक हमखास विसरतात. फायबर शीट चिकटवणं किंवा ॲल्युमिनियमची पट्टी रिबिट करणं हे दोन्ही टाळा, ॲल्युमिनियम आणि लोखंडामध्ये ओल राहिली की आधी ॲल्युमिनियम जोरात कुजतं, आणि पट्टीखाली अडकलेल्या ओलीने लोखंडही गंजत राहतं.

पुट्टी पातळ, जाडी कमीत कमी, आणि हे सगळं शक्यतो मार्च ते मे मध्ये, कारण पुट्टी आणि नुसता प्रायमर हवेतली ओल ओढून घेतात, जुलैमध्ये प्रायमरवर गाडी ठेवलीत तर वरच्या रंगाखालून पुन्हा फोड येतात. दरवाज्याच्या आतून मेणाचा स्प्रे मारायचा, भोकं मोकळी ठेवून. गॅरेजमध्ये जुनं इंजिन ऑइल मारतात, स्वस्त आहे, पण ते रबर आणि फेल्ट खराब करतं आणि उन्हात गळत राहतं.

बसवताना काच-मशीन आत नसेल तर दरवाज्याची लॉककडची कड दोन-तीन मिमी वर ठेवा, वजन आलं की खाली येते. फट सगळीकडे ४-५ मिमी सारखी आली की मग स्ट्रायकर, तोही दरवाजा जिथे येतोय तिथे नेऊन बसवायचा, उलट नाही. बाजारातलं नवीन रबर बऱ्याचदा जास्त जाड असतं आणि दरवाजा बाहेर ढकलतं, अशा वेळी लोक परत हिंजच्या मागे लागतात, त्यापेक्षा आधी रबर काढून दरवाजा लावून बघा.

कार्डबोर्ड लावायच्या आधी काच वर करून नळीने काचेवर पाणी सोडा. पाणी तळाच्या भोकांतून धारेने पडलं पाहिजे. ते आतल्या बाजूने पायाशी येत असेल तर कार्डबोर्डच्या मागचा प्लास्टिक कागद फाटलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय, जाड प्लास्टिक कापून कडेने चिकटवा, त्याची खालची कड दरवाज्याच्या आत खोचा, आणि मगच हँडल लावा.