संधिवातात झोप लागत नाही? या चुका टाळा

"सांधे दुखतात, झोप कुठून येणार?" रुमॅटॉइड आर्थरायटिसच्या, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताच्या रुग्णाने असं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. दुखणं हे मोठं कारण आहेच, पण ते एकटं क्वचितच असतं.

फिजिओथेरपी करताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक गोळ्यांच्या वेळेची. एक काकू यायच्या, रात्री दोन-तीनपर्यंत टक्क जाग्या. सुनेने गादी बदलली, जायफळाचं दूध झालं, शेवटी शेजारणीकडची झोपेची गोळीही झाली. मी गोळ्यांचा डबा आणायला सांगितला. सकाळचा खण रिकामा, रात्रीचा गच्च. "जेवणानंतर एकदाच सगळ्या घेऊन टाकते, विसरायला नको." त्यात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही होतं. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, जागं ठेवणारं कॉर्टिसॉल, पहाटेपासून चढतं आणि रात्री उतरतं. नेमकं ते उतरायच्या वेळी काकू बाहेरून स्टिरॉइड घेत होत्या. डॉक्टरांना विचारून ती गोळी नाश्त्यानंतर घ्यायला लागल्या आणि काही दिवसांत झोप सुधारली. तेव्हापासून गादी-उशीच्या आधी मी डबा बघते. वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका. झोपेपायी स्टिरॉइड एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

दुसरी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी घेऊन रात्र काढणं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे सरळ होईना की सगळे माझ्याकडे येतात. कुशीवर झोपा आणि उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घ्या. हाताला रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणाऱ्या आधारपट्टीबद्दल (स्प्लिंट) विचारा.

घोरण्याकडे काणाडोळा नको. या आजारात जबड्याचा सांधा झिजून हनुवटी मागे गेली तर श्वासाची वाट अरुंद होते आणि झोपेत श्वास अडकतो. अशा माणसाला कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची गोळी देणं मला अजिबात मान्य नाही.

अंथरुणावर पडलं की पायांत वळवळ होते? लोह तपासून घ्या. अंगात सूज असताना फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारा आकडा, फसवं, म्हणजे खोटं चांगलं दिसू शकतं, तेव्हा रिपोर्ट डॉक्टरांनाच वाचू द्या.

संध्याकाळनंतर चहा नको, दुपारची झोप लांबवू नका. मन उदास असेल तर तेही तपासणीत सांगा.

आणि एका रात्रीत चार उपाय करून "काहीच उपयोग नाही" म्हणणाऱ्यांना काय सांगावं? एका वेळी एकच बदल करा, आठवडाभर थांबा, कॅलेंडरवर खूण करा. त्या खुणेशेजारी सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात तेही लिहा. हा वेळ वाढत चालला असेल तर आजारच आटोक्यात नाही. तो कागद घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा आणि मूळ औषधांबद्दल बोला.