समोरची गाडी महागडी असेल तर

ठाणे कोर्टात अपघाताच्या दाव्यांचे कागद लावणं हे माझं काम. घोडबंदर रोडवर घरच्या कुणाला गाडीने उडवलं, तर एफआयआरची प्रत मागा, फुकट मिळते. मग लगेच दुकानं-सोसायट्यांचं सीसीटीव्ही फुटेज ताब्यात घ्यावं म्हणून पोलिसांना लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या. गाडीचा वेग कागदावर किती लिहिलाय, तेही वाचा. बँकॉकमध्ये २०१२ साली रेड बुल या एनर्जी ड्रिंकवाल्या श्रीमंत घराण्यातल्या वोरायुथ यूविध्याच्या फेरारीखाली पोलीस गेला. आधी ताशी १७७ किलोमीटर काढलेला वेग पुढे ७९ झाला. तिथली मर्यादा ८०! वेगाचा आरोप २०१३ मध्येच मुदतबाह्य. आपला भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत लावा. ‘मिटवून टाकू’ म्हणत कुणी आला, तर चहा पाजा हवं तर, सही देऊ नका.